महासागर आणि सागरी जीवसृष्टीपुढील धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या आजच्या अवस्थेविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांपैकी वीस येथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात अधिक विस्ताराने आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्राला आज सर्वांत मोठा धोका कशाचा आहे? एकच कारण सांगता येईल का?

एकच कारण सांगणे सोयीचे असले तरी ते खरे ठरणार नाही. आपण समुद्रातून अतोनात काढून घेतो, त्यात नको ते टाकतो, आणि हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे तापमान व रसायन बदलून टाकतो. अशा तीन वाटांनी ही हानी होते. जैवविविधतेवरील आयपीबीईएस या आंतरसरकारी मंचाच्या २०१९ च्या अहवालानुसार, गेल्या पन्नास वर्षांत सागरी जीवांना सर्वाधिक फटका बसला तो थेट उपशाचा, म्हणजे मुख्यतः मासेमारीचा. पुढील काळाचा विचार केला तर मला उष्णता सर्वांत गंभीर वाटते. जाळी उचलली की बहुधा मासे परततात, सांडपाणी अडवले की पाणी निवळते. पण समुद्रात मुरलेली उष्णता शतकानुशतके बाहेर पडत नाही. कोणती जखम भरून येते आणि कोणती येत नाही, हा फरक पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी आहे.

२. समुद्र एवढा अफाट आहे. एखाद्या अंशाने तापला तर असे काय बिघडते?

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना करता त्यांच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने वाढले. हा आकडा किरकोळ दिसतो खरा, परंतु जीव मरतात ते सरासरीमुळे नव्हे, तर टोकाच्या आठवड्यांमुळे, आणि सरासरी वर सरकली की असे आठवडे वारंवार येऊ लागतात. त्यांना सागरी उष्णतेच्या लाटा म्हणतात.

अशा लाटेत काय घडते, हे बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात दिसले. तिथे २०१८ आणि २०१९ मध्ये पाणी असाधारण तापले, आणि त्यानंतरच्या पाहणीत स्नो क्रॅब जातीचे १० अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाल्याचे आढळले. ते उष्णतेने भाजून मेले नव्हते. पाण्याचे तापमान ० वरून ३ अंशांवर गेले की या खेकड्याची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते, आणि तळाच्या आक्रसलेल्या थंड पट्ट्यात दाटीने जमलेल्या खेकड्यांना पुरेल एवढे अन्न तिथे नव्हते. ते उपासमारीने गेले, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये अलास्काने या खेकड्याचा हंगाम इतिहासात प्रथमच बंद ठेवला.

३. प्रवाळ पांढरे पडले म्हणजे ते मेले असे समजायचे का?

लगेच नाही. प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ती पॉलिप नावाच्या, अनेकदा काही मिलिमीटरच रुंद असलेल्या प्राण्यांची वसाहत असते. भिंगातून पाहिले तर प्रत्येक पॉलिपच्या तळाशी त्याने स्वतः बांधलेली चुन्याची इवलीशी वाटी दिसते आणि वर तोंडाभोवती बारीक शुंडकांचे कडे. त्याच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाची तपकिरी, हिरवट छटाही मुख्यतः या शैवालाचीच असते.

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने जास्त राहिले आणि ती स्थिती काही आठवडे टिकली, की शैवालाचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून घातक संयुगे तयार होतात आणि पॉलिप त्या शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक ऊतींमधून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. या अवस्थेतही पॉलिप जिवंत असतो, शुंडके पसरून प्लवक (पाण्यात तरंगणारे, बहुधा सूक्ष्म जीव) पकडू पाहतो; पण त्याचे मुख्य अन्न गेलेले असते. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. न निवल्यास ऊती गळून पडतात आणि उघड्या सांगाड्यावर केसाळ शेवाळ चढते. ते दिसले की त्या जागचे प्रवाळ मेले असे समजावे.

जगभर एकाच सुमारास विरंजन झाल्याची पहिली नोंद १९९८ ची आहे. त्यानंतर २०१० मध्ये आणि २०१४ ते २०१७ या काळात ते पुन्हा झाले, आणि चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. मला सर्वाधिक काळजी वाटते ती दोन घटनांमधल्या अंतराची. जलद वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला साधारण दहा वर्षे लागतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशा पाच वर्षी मोठे विरंजन झाले. पुढे काय होऊ शकते, यासाठी प्रश्न २० पाहावा.

४. समुद्राचे ‘आम्लीकरण’ म्हणजे पाणी आम्ल होणार आहे का?

नाही. समुद्राचे पाणी किंचित आम्लारिधर्मी आहे आणि नजीकच्या भविष्यात तसेच राहील. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ होता, तो आता सुमारे ८.१ आहे. ही मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे ०.१ ची घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात जवळपास ३० टक्के वाढ होय. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी अंदाजे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो; त्यामुळे हवेतील तापमानवाढ मंदावते, पण त्याची किंमत समुद्र या रूपाने मोजतो.

कवच किंवा सांगाडा बांधण्यासाठी जीवांना कार्बोनेट आयन लागतात, आणि आम्लता वाढली की नेमके तेच कमी होतात. कालवाची अळी जन्मल्यापासून साधारण दोन दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर, आपले पहिले कवच बांधते. त्या दोन दिवसांत पाणी प्रतिकूल असेल तर तिची ऊर्जा त्यातच संपते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवांच्या उबवणी केंद्रांमध्ये २००७ च्या सुमारास अळ्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, त्यामागे हेच कारण निघाले. टाकीतील पाण्यावर लक्ष ठेवून आणि त्यात क्षार मिसळून केंद्रे सावरली. उघड्या समुद्रातील अळीला ही सोय नाही.

५. समुद्रात ‘मृत क्षेत्र’ कसे तयार होते?

शेतातून वाहून आलेली नत्र आणि स्फुरदयुक्त खते व शहरांचे सांडपाणी समुद्रात पोहोचले, की पृष्ठभागावर शैवाल बेसुमार वाढते. ते मरून तळाशी जाते, जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्या कामात तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपवतात. पोहू शकणारे जीव निघून जातात. शिंपले, कृमी आणि तळाला चिकटलेले इतर जीव गुदमरतात. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाशी हे दर उन्हाळ्यात घडते. बाल्टिक समुद्रातही मोठी मृत क्षेत्रे आहेत.

याखेरीज, खतांचा संबंध नसलेल्या खुल्या समुद्रातही प्राणवायू घटत आहे. कोमट पाण्यात तो कमी विरघळतो, आणि तापलेला वरचा थर खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. १९६० नंतर महासागरांतील एकूण प्राणवायू सुमारे २ टक्क्यांनी कमी झाला आहे.

यांपैकी पहिली जखम भरून येणारी आहे. काळ्या समुद्राच्या वायव्य उथळ भागात १९७० आणि १९८० च्या दशकांत विस्तीर्ण मृत क्षेत्र होते. १९९० च्या सुमारास पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, खतांचा वापर एकदम घसरला, आणि काही वर्षांतच ते बरेचसे ओसरले. हा कोणी आखलेला प्रयोग नव्हता, पण त्याइतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

६. आपला निम्मा श्वास समुद्रातून येतो म्हणतात. प्लवक घटले तर हवेतील प्राणवायू संपेल का?

संपणार नाही. पृथ्वीवरील जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण सागरी वनस्पतिप्लवक करतात, एवढा भाग खरा आहे. पण त्यातून निर्माण झालेला बहुतेक सर्व प्राणवायू समुद्रातीलच जीव आणि जिवाणू वापरून टाकतात. हवेतील २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, आणि उद्या सर्व प्रकाशसंश्लेषण थांबले तरी माणसाला त्याची टंचाई दीर्घकाळ जाणवणार नाही. प्लवक घटण्याचा खरा धोका वेगळा आहे. ते सागरी अन्नसाखळीचा पाया आहेत, आणि हवेतील कार्बन खोल समुद्रात पोहोचवण्याचे कामही तेच करतात.

७. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढते का?

जवळजवळ नाही, कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. पातळी वाढते ती ग्रीनलंड व अंटार्क्टिकावरील हिमस्तर आणि पर्वतांवरील हिमनद्या वितळल्याने, तसेच तापलेले पाणी प्रसरण पावल्याने. १९०० पासून ती सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे.

८. वाळू तापल्यामुळे कासवांना फक्त मादी पिल्ले होतात, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. सागरी कासवांमध्ये पिल्लाचे लिंग अंड्याभोवतालच्या वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास नर आणि माद्या निम्म्या-निम्म्या होतात, आणि त्याहून उष्ण वाळूत माद्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्के माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो, त्यामुळे प्रजाती तत्काळ कोसळत नाही. मात्र वाळू आणखी तापली, तर प्रश्न नर-मादीचा राहत नाही; अंड्यातील गर्भच मरतात.

९. प्रशांत महासागरात प्लास्टिकचे बेट आहे, असे ऐकतो. ते छायाचित्रांत का दिसत नाही?

कारण ते बेट नाही. हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान फिरत्या प्रवाहांमुळे तरंगता कचरा गोळा होतो. चार्ल्स मूर या नाविकाने १९९७ मध्ये तिथून जाताना त्याकडे जगाचे लक्ष वेधले. २०१८ मधील एका अभ्यासाने या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर असल्याचे मोजले, परंतु तुकडे इतके बारीक आणि विखुरलेले आहेत की जहाजाच्या कठड्यावरून नुसते निळे पाणीच दिसावे. वजनाच्या हिशेबाने त्यातील ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. अशी बेवारस जाळी मालकाशिवायही मासे, कासवे आणि सील पकडतच राहतात.

या पट्ट्याची कीर्ती मोठी असली, तरी समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा फार थोडा भाग तिथे तरंगतो आहे. बाकीचे किनाऱ्यांवर, उथळ पाण्यात आणि तळाशी आहे. म्हणून नदीच्या तोंडाशी कचरा अडवणे हे भर समुद्रातून तो उपसण्यापेक्षा कितीतरी पटींनी परिणामकारक ठरते, असे माझे मत आहे.

१०. प्राणी प्लास्टिक खातातच का? त्यांना ते अन्न नाही हे कळत नाही का?

डोळ्यांनी फसण्याचा भाग आहेच. पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी हलते. पण त्यांचे नाकही फसते. काही आठवडे समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकवर जिवाणू आणि शैवालाचा बुळबुळीत थर चढतो, आणि त्याचा वास अन्नासारखाच येतो. लॉगरहेड कासवांवरील प्रयोगात त्यांनी अशा प्लास्टिकच्या वासाला माशांच्या वासासारखाच प्रतिसाद दिला.

कासवाच्या बाबतीत शरीररचनाही त्याच्या विरोधात जाते. त्याच्या अन्ननलिकेत घशापासून पोटापर्यंत बोटांच्या टोकांसारखे टोकदार काटे असतात, आणि ते सर्व आतल्या दिशेने वळलेले असतात. गिळताना आत आलेले पाणी बाहेर सोडायचे आणि निसटती जेलीफिश आत रोखून धरायची, यासाठी ती योजना उत्तम आहे. प्लास्टिक तोंडात गेले की तीच योजना त्याला परत येऊ देत नाही. प्रशांत महासागरातील मिडवे बेटांवरील अल्बट्रॉस पक्ष्यांच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटात बाटल्यांची झाकणे आणि लायटर सापडतात. ते आईबापांनीच समुद्रातून वेचून, अन्न समजून, त्यांना भरवलेले असतात.

११. विघटनशील प्लास्टिक वापरले तर प्रश्न सुटेल का?

सहसा नाही. या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तू पीएलए या, वनस्पतींतील साखरेपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतात. त्यांचे विघटन औद्योगिक खतनिर्मितीच्या ५० ते ६० अंशांच्या तापमानात होते. थंड समुद्रात त्या वर्षानुवर्षे टिकतात आणि प्रश्न १० मधील हानी तशीच करतात.

१२. तेलगळती हेच समुद्राचे सर्वांत मोठे प्रदूषण आहे का?

बातम्यांवरून तसे वाटते. तेलवाहू जहाजांतून होणाऱ्या मोठ्या गळत्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटली आहे. १९८९ मध्ये अलास्काजवळ ‘एक्झॉन व्हॅल्डीझ’ जहाज खडकावर आदळल्यानंतर दुहेरी कवचाची जहाजे सक्तीची होत गेली, त्याचा यात मोठा वाटा आहे. वाईटातून कायदा झाला आणि तो कामी आला, याचे हे समाधानकारक उदाहरण आहे.

जिथे गळती होते तिथे मात्र ती दीर्घकाळ छळते. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर दोन दशकांनंतरही दगडगोटे उकरल्यावर तेल सापडत होते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि खोल समुद्रातील विहीर ८७ दिवस वाहत राहिली. २०२१ मध्ये कोलंबोजवळ जळालेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजातून तर प्लास्टिकचे कच्चे दाणेच टनावारी किनाऱ्यावर आले.

१३. मासेमारी हजारो वर्षे चालू आहे. आताच साठे का कोसळतात?

साधने बदलली म्हणून. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळ सुमारे पाचशे वर्षे कॉड मासा पकडला जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मासे पकडून जहाजावरच गोठवणारे प्रचंड ट्रॉलर आले, आणि १९६८ मध्ये उत्तरेकडील कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार एका निर्णयाने गेला, आणि त्या किनाऱ्यावरची अनेक गावे ओस पडली.

इतके होईपर्यंत कळले कसे नाही, असे वाचक विचारतात. उरलेले कॉड थोड्याच जागी एकवटले होते आणि जहाजांना त्या जागा नेमक्या शोधता येत होत्या. त्यामुळे शेवटपर्यंत जाळी भरून येत होती आणि साठा भरपूर आहे असे भासत होते. शिवाय मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते, आणि आधी पकडल्या जातात त्या मोठ्याच. बंदी काही वर्षांत उठेल अशी अपेक्षा होती, पण ती तीन दशकांहून अधिक टिकली.

जाळ्यांची झळ इतर जीवांनाही बसते. कॅलिफोर्नियाच्या आखातातील व्हाकिता हा छोटा पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी) तोतुआबा माशासाठी बेकायदा लावलेल्या जाळ्यांत अडकून जवळजवळ संपला असून आता साधारण दहाच उरले आहेत.

१४. २०४८ पर्यंत समुद्रातील मासे संपतील, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे का?

नाही. २००६ मधील एका शोधनिबंधात, पकडीचा तेव्हाचा कल तसाच पुढे वाढवला तर २०४८ मध्ये सर्व साठे ‘कोसळलेल्या’ स्थितीत जातील, असे म्हटले होते. आणि ‘कोसळलेला’ म्हणजे पकड पूर्वीच्या उच्चांकाच्या १० टक्क्यांखाली गेलेला साठा. २००९ मध्ये त्याच अभ्यासकाने आपल्या टीकाकारांसह नवा अभ्यास केला आणि नीट नियमन असलेल्या अनेक क्षेत्रांत साठे सावरत असल्याचे दाखवले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार आज तपासलेल्या साठ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठ्यांवर अतिमासेमारी होते. हे पुरेसे गंभीर आहे. त्यासाठी चुकीच्या तारखेची गरज नाही. कोटा काटेकोर पाळल्यावर अटलांटिक ब्लूफिन ट्यूना सावरला आणि २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढले.

१५. मग मत्स्यशेती वाढवली तर समुद्रावरचा ताण कमी होईल का?

कोणती मत्स्यशेती, यावर ते अवलंबून आहे. जलचर प्राण्यांच्या उत्पादनात मत्स्यशेतीने २०२२ मध्ये प्रथमच मासेमारीला मागे टाकले. सॅल्मनसारख्या मांसाहारी माशाला मात्र समुद्रातूनच पकडलेल्या लहान माशांचे पीठ आणि तेल खाऊ घालावे लागते. शिंपले, कालवे आणि समुद्री शैवाल यांना खाद्य द्यावे लागत नाही. शिंपले-कालवे उलट पाणी गाळतात.

१६. जहाजांच्या आवाजाने देवमाशांना खरोखर त्रास होतो का?

होतो, आणि त्याचा एक हृद्य पुरावा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जहाज वाहतूक थंडावली. त्या वेळी फंडीच्या उपसागरात शास्त्रज्ञ राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने गोळा करत होते. समुद्राखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला आणि नमुन्यांतील तणावदर्शक संप्रेरकेही घटली. उत्तर अटलांटिकमध्ये हे देवमासे आता चारशेहून कमी उरले आहेत. आवाजापेक्षाही जहाजांची धडक आणि सापळ्यांचे दोर हे त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे.

१७. परके जीव समुद्रातून इतक्या दूर कसे पोहोचतात?

मुख्यतः जहाजांच्या पोटातून. तोल राखण्यासाठी जहाजे एका बंदरात पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. १९८० च्या दशकात जेलीफिशसारखा दिसणारा एक अमेरिकी जीव असाच काळ्या समुद्रात आला, प्लवक आणि माशांची अंडी फस्त करत गेला आणि तिथली अँचोव्हीची मासेमारी ढासळली. अशा पाण्यावर प्रक्रिया सक्तीची करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला.

१८. संरक्षित सागरी क्षेत्रे खरेच उपयोगी पडतात का?

मासेमारी खरोखर बंद असेल, तर पडतात. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झाले, स्थानिक लोकांनी मासेमारी सोडून पहारा सुरू केला, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथले माशांचे एकूण वजन पाचपटीहून अधिक झाले. उलट, अनेक ‘संरक्षित’ पट्ट्यांत तळ खरवडणारे ट्रॉलर आजही चालतात. २०३० पर्यंत समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचे उद्दिष्ट देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केले; नकाशावर रेषा ओढून ते गाठल्याचा दावा होईल, अशी मला भीती वाटते. शिवाय, कोणतेही कुंपण उष्णता अडवत नाही (प्रश्न ३).

१९. खोल समुद्रातील खाणकामाला एवढा विरोध का? आणि तो समुद्र आहे तरी कोणाचा?

हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान, ४,००० ते ६,००० मीटर खोलीवर, बटाट्याएवढे धातुयुक्त गोटे तळावर पडलेले आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट, तांबे आणि मँगनीज असते. असा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, आणि त्या मऊ गाळात त्याचा कठीण पृष्ठ हाच कित्येक जीवांचा एकमेव आधार असतो. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल तळावर नांगर फिरवून प्रयोग केला. पंचवीसहून अधिक वर्षांनी परत गेल्यावर नांगराचे चर जसेच्या तसे दिसले आणि चरांमधील जीवसृष्टी सावरलेली नव्हती.

हा तळ कोणत्याही एका देशाचा नाही. त्यावरील खाणकामाचे नियम जमैकातील किंगस्टन येथील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे आहेत. त्याच्या वरच्या, राष्ट्रांच्या हद्दीबाहेरील पाण्यातील जैवविविधतेसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र करार संमत झाला, आणि साठ देशांच्या मान्यतेनंतर तो १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

२०. उत्सर्जन आजच थांबले तर समुद्र पूर्ववत होईल का?

सर्व बाबतींत नाही. कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले तर पृष्ठभागाची तापमानवाढ साधारणपणे तिथेच थांबेल, असे आजचे आकलन सांगते. खोल पाण्यात उतरलेली उष्णता आणि बदललेले रसायन मात्र शतके टिकेल, आणि हिमस्तर मंदगतीने प्रतिसाद देत असल्यामुळे पातळी त्यानंतरही वाढत राहील. मासे, देवमासे आणि मृत क्षेत्रे यांची कालगणना वेगळी आहे: व्यापारी शिकार थांबल्यावर हंपबॅक देवमाशांचे बहुतेक कळप एका माणसाच्या आयुष्यात परतले.

प्रवाळांच्या बाबतीत वाढ कुठे थांबते, यावरच सारे ठरते. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार, जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तर उष्ण पाण्यातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होण्याची शक्यता आहे. २ अंशांवर गेल्यास हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक होईल.